वहीतला ‘ऐ.’

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर डोळ्यांचा विषय काढला की बाबा “बरं, आईशी बोल” म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आईचा नेमका तेव्हाच कुकर होतो. म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू वाचून दाखवायचं नाहीस, बाबांना स्वतः वाचू दे.

आधी कबूल करते. शिमग्याला तुम्ही सगळे पालखी बघायला सहाणेवर गेलात आणि मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. डोकं नव्हतं दुखत. बाबा, मी तुमची पक्ष्यांची वही वाचत बसले होते. न विचारता वाचली, चुकलंच. पण कपाटातून काढली ती लहानपणी काढायचे तशीच, शिंजीर यंदा कुठे घरटं करतोय ते बघायला.

तारीख, वेळ, पक्षी, जागा आणि शेवटी तुमचं ते ‘पा.’ नाहीतर ‘ऐ.’. पाहिला किंवा ऐकला. दसऱ्याच्या पुढे मी पानं उलटत गेले तर सगळीकडे ‘ऐ.’. दयाळ, ऐ. तांबट, ऐ. खंड्या, ऐ. पक्षिसप्ताहात, 5 ते 12 नोव्हेंबर, एरवी तुम्ही चार-चार पानं भरता. यंदा आठ दिवसांत एकही ‘पा.’ नाही. शेवटचा ‘पा.’ सापडला तो 9 ऑक्टोबरचा. भारद्वाज, बांबूच्या बेटाखाली. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. कावळ्याएवढा पक्षी, विटकरी पंखांचा, आणि त्याच्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्ह काढलंत! मी तिथेच वही मिटली.

मग मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात तो घडी घातलेला कागद मिळाला, गेल्या वर्षीच्या शिबिरातला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रियेचा सल्ला. आई, तुला माहीत होतं. शब्दकोडं तू हल्ली मोठ्यानं वाचून सोडवतेस, त्यात बाबांना पेपरातल्या चार बातम्याही ऐकवतेस, ते मला आधी गंमत वाटलं होतं. रागावले नाहीये. थोडी रागावलेय.

तर मी ठरवलंय, आणि ठरवून झालंय. इथल्या डॉक्टरांना मी मागच्या शनिवारी भेटून आले, कागद दाखवला, पाडव्यानंतरची तारीख घेतली. आधी उजवा डोळा, मग दोन-तीन आठवड्यांनी डावा. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, पिकू दे, थंडीत बघू. बाबा, ती जुनी गोष्ट झाली. आता पिकायची वाट बघत नाहीत, उलट फार कडक झाला तर काढायला अवघड जातो. आणि थंडी-उन्हाळ्याचं काही नसतं. थेंब टाकूनच डोळा बधिर करतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम, दुपारी घरी. दादाशी बोलले, त्यालाही पटलंय. पैशाचं मात्र कुणी काढायचं नाही.

तुम्हाला वाटेल, पोरगी आम्हाला उचलून पुण्याला नेऊन ठेवतेय. तसं नाही हो. घर कुठे जात नाही. पावसाआधी तुम्ही परत आपल्या पडवीत असाल. मे सरता सरता परसात नवरंगाची ती दोन सुरांची शीळ यायला लागते, त्याच्या आत मी पोचवीन. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदूनं सगळ्यावर पिवळट पडदा येतो आणि तो गेला की निळा रंग उजळतो. मला एकदम आपल्या विहिरीच्या रहाटावरचा खंड्या आठवला. खरं सांगू, हे सगळं मी त्यासाठी करतेय असं म्हटलं तरी चालेल.

इथे तुमची खोली पूर्वेची आहे. खिडकीसमोर उंबर आहे, तांबट सकाळपासून ठोकत असतो, आणि उंबरं पिकली की हरियाल येतात. पिवळे पाय मी स्वतः बघितलेत, तुम्ही येऊन खात्री करा. कमोड आहे, गिझर आहे, लिफ्ट आहे, त्यामुळे आई, तुझ्या गुडघ्यांची काळजी नको. उकडे तांदूळ आणून ठेवलेत. पेज मला तुझ्यासारखी जमत नाही, पण जमेल. चहा पाचलाच मिळेल, सहाला नाही. वातींचा कापूस मी आणलाय, तो चांगला आहे की नाही ते तूच सांग.

बाबा, मी पाचवीत होते तेव्हाचं आठवतंय? फळा दिसत नव्हता आणि मी कुणाला बोलले नव्हते. एक दिवस गडग्यावर सातभाई बसले होते आणि तुम्ही विचारलंत, किती गं? मी ऐटीत म्हटलं, सात. चारच होते. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून रत्नागिरीला नेलंत, आणि चष्मा लावून परत आल्यावर मला खांद्यावर घेऊन लिंबाच्या दोन पानांत शिवलेलं शिंप्याचं घरटं दाखवलंत. टाके दिसले मला, एकेक. मी शिंकले तरी तुम्ही हलला नाहीत.

एवढी मोठी मुलगी खांद्यावर! आई ओरडली होती.

आता नीट ऐका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन यायचं, रिकामी झालेलीसुद्धा. ती प्रोस्टेटसाठीची लघवीची गोळी चालू आहे ना, ती डॉक्टरांना आधी सांगावीच लागते, तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी होत नाही. मनानं बंद करू नका, फक्त लपवू नका. साखर तपासून ठेवा, आणि आंबा आला म्हणून सकाळ-संध्याकाळ सुरू करू नका. ऑपरेशननंतर तोंडावर पाणी मारायचं नाही, डोळा चोळायचा नाही, वाकून बादली उचलायची नाही. थेंब महिनाभर, वेळच्या वेळी, मी घालीन. रागावलात तरी घालीन.

गाडी घेऊन मीच येतेय. कुंभार्ली घाट सकाळीच चढून घेऊ, पाटणला चहा. आईसाठी आवळासुपारी आणते. सामानात वही घ्यायची, फक्त चालू असलेली. जुन्या माडीवर राहू द्या. 2021 च्या पुरात तांदळाच्या डब्यांआधी वह्या वर नेल्यात ते आई अजून काढते, पुन्हा त्यांना प्रवास नको.

रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला. त्या पुराच्या वेळी मी दोन दिवस तुमचा फोन लागेना म्हणून इथे गॅलरीत उभी होते. त्या दोन दिवसांनंतर मला तुमच्याबद्दल काही कळायचं राहिलं की सहन होत नाही, एवढंच.

तुमची,
मनी

ता.क. पक्ष्यांच्या पाण्याची काळजी नको. शेजारच्या वहिनींचा मुलगा मातीचं परळ रोज धुऊन भरणार आहे, चैत्र-वैशाख दोन्ही महिने. त्याला वेगळी वही दिलीय. काल त्यानं पहिली नोंद केली, “कोकिळा, पा., ओरडत होती.” ओरडतो तो नर, हे त्याला तुम्हीच फोनवर समजावा.