कोलारवाल्या काकांना मनापासून थँक्यू

काका, समोर आलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथेच लिहितेय, वाचू देत सगळ्यांना.

विज्ञान दिनाला आठवीच्या पोरांना जपानच्या सुपर-कामिओकांडेबद्दल, म्हणजे न्यूट्रिनो नावाचे सहज हाती न लागणारे सूक्ष्म कण टिपणाऱ्या जमिनीखालच्या टाकीबद्दल, सांगायचं होतं आणि माझी तयारी म्हणजे नुसते आकडे, डोंगराखाली १००० मीटर, ५०,००० टन अतिशुद्ध पाणी, भिंतींवर ११,००० च्या वर फोटोट्यूब, म्हणजे अगदी मंद प्रकाशही टिपणाऱ्या काचेच्या नळ्या. रात्री साडेनऊला तुम्ही माझे कागद वाचलेत आणि पहिलाच प्रश्न टाकलात, "एवढं पाणी कशाला? विहिरीएवढं का नाही पुरत?" मी गप्प!

मग तुम्ही आंबा काढलात. एका फांदीखाली बसून आंबा पडायची वाट बघितली तर जन्म जाईल, पण अख्ख्या बागेवर नजर ठेवली तर कुठे ना कुठे एखादा पडेलच. प्रोटॉन मोडतो का हे बघायचं तर ढीगभर प्रोटॉन हवेत, आणि पाण्यात ते गच्च भरलेत. १९८३ ची पहिली ३,००० टनांची कामिओकांडे टाकी त्याचसाठी होती, हे मला माहीतच नव्हतं, मी सगळीकडे न्यूट्रिनो न्यूट्रिनो लिहून ठेवलेलं. प्रोटॉन काही अजून मोडताना दिसला नाही, पण २३ फेब्रुवारी १९८७ ला एका फुटलेल्या ताऱ्याचे ११ न्यूट्रिनो त्या टाकीत सापडले आणि तो प्रयोग चालवणाऱ्या कोशिबांना २००२ चं नोबेल. बाग राखली आंब्यासाठी, हाती लागलं भलतंच, हे तुमचंच वाक्य मी वर्गात ढापलं, सॉरी.

खाडीत होडी जोरात गेली की मागे लाटांची पाचर उठते ना, तसं पाण्यातल्या प्रकाशापेक्षा जोरात पळणाऱ्या कणामागे निळसर प्रकाशाचा शंकू तयार होतो आणि भिंतीवर त्याचं कडं उमटतं, हे फळ्यावर काढल्यावर मागच्या बाकावरचेसुद्धा मान वर करून बघायला लागले. पण खरी शांतता पसरली २००१ च्या अपघाताला. टाकी भरताना एक ट्यूब फुटली आणि तिच्या धक्क्याने साखळीसारख्या सहा हजारांहून जास्त फुटल्या. एक मुलगी म्हणाली, मग ते रडले असतील ना मॅडम? उरलेल्या ट्यूबना कवच घालून वर्षभरात टाकी परत चालू केली, हे सांगितल्यावर तिला बरं वाटलं.

आणि कोलार! १९६५ मध्ये आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहम विद्यापीठवाल्यांबरोबर कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, वातावरणातले न्यूट्रिनो टिपले, आणि नंतर तिथेच प्रोटॉन मोडतो का ते बघायला लोखंडाच्या थरांचं यंत्र लावलं तेव्हा तुम्ही त्या उकाड्यात रोज उतरत होतात. इतकी वर्षं शेजारी राहून हे मला आत्ता कळतंय, कमाल आहे तुमची.

पोरांना आता तुम्हालाच ऐकायचंय. तारीख तुम्ही सांगा, आणायला रिक्षा मी पाठवते. तुमची वही रविवारी आणून देते, चहाचा डाग माझाच आहे.