शेगावच्या वाटेवरच्या साईडपट्ट्या प्रकटदिनाआधी भरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पातूर तालुक्यातली अंगणवाडी सेविका. माघ वद्य सप्तमीला शेगावात श्री गजानन महाराजांचा प्रकटदिन असतो. यंदा आदल्या दिवशी, षष्ठीला पहाटे तीनला आम्ही गावातले एकवीस जण निघालो. सायकली नऊच. सायकलवाल्यानं चार-पाच किलोमीटर पुढं जायचं, निंबाखाली थांबायचं, मागचे पायी आले की सायकल त्यांच्या हाती देऊन आपण चालू लागायचं. अशी पाळीपाळीनं वाट सरते आणि साठीतली माणसंही एका दिवसात शेगाव गाठतात.

बाळापुरात मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीपाशी शिदोरी सोडली. ज्वारीची भाकर, ठेचा, वाटेत एका भावानं शेतातून दिलेले हरभऱ्याचे घाटे. सगळे खुशीत होते.

बाळापूर सोडल्यावर शेजारच्या काकूंची पाळी होती. कॅरियरला तुळशीची कुंडी बांधलेली. मागून ट्रकचा भोंगा वाजला. कोणीतरी ओरडलं, "काकू, मांगून ट्रक येऊन राह्यला, खाली घ्या!" त्यांनी हँडल वळवलं आणि पुढचं चाक डांबराच्या कडेवरून घसरलं. कोपर सोलून निघालं, रिम वाकली, कुंडी फुटली. तुळस मुळासकट मातीत पडली होती, ती काकूंनी आधी उचलली, मग हाताकडे पाहिलं.

मी खाली बसून त्या कडेला हात लावून पाहिला. डांबर आणि काळी माती यांत वीतभर फरक, वर दोन बोटं. पायी माणूस ट्रक आला की खाली उतरतो. सायकलला तसं उतरता येत नाही, उतरली की पडलीच. त्या रस्त्यानं रोज शाळेच्या पोरीही सायकलनं जातात, हे तर वारीपेक्षाही मोठं.

रस्ता नवा आहे, गुळगुळीत आहे, मग साईडपट्टीच का राहते? संबंधित विभागाला कळकळीची विनंती आहे: पुढच्या माघाआधी दोन्ही बाजूंनी मुरूम टाका, रोलर फिरवून डांबराच्या बरोबरीला आणा, आणि कडेची पांढरी पट्टी मारा. नुसता मुरूम ओतून जाऊ नका, पहिल्याच पावसात तो वाहून जातो.

काकूंनी तुळस ओल्या फडक्यात गुंडाळली आणि उरलेली वाट पायीच चालल्या. पुढच्या वर्षी त्यांना सायकलवर बसायचं आहे.

आपली नम्र,
एक वारकरी सेविका, ता. पातूर, जि. अकोला