जुन्या गाडीचा धूर आणि पीयूसीवरचे दोन आकडे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या धुराचा विषय निघाला की त्या भंगारात काढाव्यात, हा एकच उपाय सुचवला जातो. मी स्वतः अशा एका गाडीचा मालक असल्यामुळे माझे मत पक्षपाती वाटू शकेल, हे आधीच कबूल करतो. तरीही काळ्या धुराचा दोष पुष्कळदा गाडीच्या वयाकडे नसून चुकीच्या ट्यूनिंगकडे असतो आणि पीयूसी काढण्याच्या घाईत तो दोष झाकला जातो, असा माझा अनुभव आहे.

माझी गाडी म्हणजे १९६९ ची ट्रायम्फ स्पिटफायर, दोन आसनांची स्पोर्ट्स कार. पूर्वी मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डच्याच घराण्यातली ती आहे, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना ती परकी वाटत नाही. तिच्या १२९६ सीसी इंजिनावर दोन एसयू कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारी उपकरणे, आहेत. गेल्या उन्हाळ्यात तिचे स्लो-रनिंग (उभ्या गाडीत इंजिनाचे संथ चालणे) बिघडले आणि ॲक्सिलरेटर दाबताच ती अडखळू लागली. शहरातील एका गॅरेजमध्ये काहीही न तपासता दोन्ही कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली उतरवून पेट्रोल वाढवण्यात आले. गाडी शांत झाली खरी, पण मागे काळा धूर निघू लागला आणि पीयूसीच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड पाच टक्क्यांच्या वर गेला. त्यावर केंद्रातील मुलाने सुचवलेला तोडगा असा, की आता जेट वर चढवून गाडी पास करून घ्यावी आणि घरी जाऊन पुन्हा होते तसे करावे!

मूळ दोष निघाला तो हवेचा. कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीचे, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डचे, गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारी पट्टी) एका बाजूने फाटले होते. त्या फटीतून जादा हवा ओढली गेल्याने तिकडचे सिलिंडर लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मिश्रणावर, चालत होते आणि दोन्हीकडचे पेट्रोल वाढवल्यावर धडधाकट बाजू नको इतकी रिच, म्हणजे जादा पेट्रोलची, झाली होती. अडखळण्याचे कारण तर याहून साधे होते. कार्बोरेटरच्या वरच्या नळकांड्यातील, म्हणजे डॅशपॉटमधील, तेल आटले होते. हे तेल कार्बोरेटरमधल्या, हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या पिस्टनला झटकन वर उडू देत नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच क्षणभर मिश्रण रिच राहते आणि पिकअप मिळतो. चमचाभर तेलाचे काम, पण झाकण उघडून पाहायला सवड कोणाला?

टॅपेट (व्हॉल्व्हची फट), प्लग, पॉइंट आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) आधी, मग हवेची गळती, त्यानंतर दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात की नाही याची तपासणी, आणि मिश्रणाला हात सर्वांत शेवटी, हा क्रम पाळावाच लागतो. हवेच्या तपासणीला महागडे यंत्र लागत नाही; रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले, की दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा आहे का ते कळते. मग कार्बोरेटरचा पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून पाहावा. इंजिनाची गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण रिच, पडली तर लीन, आणि किंचित वाढून पुन्हा स्थिरावली तर बरोबर. जेटची षट्कोनी नट एका वेळी एक कड, याहून जास्त फिरवू नये.

पीयूसी प्रमाणपत्रावर दोन आकडे असतात आणि बहुतेक मालक त्यांच्याकडे न पाहता फक्त वैधतेची तारीख पाहतात. बीएस-२ (भारत स्टेज-२ हे धुराचे निकष) पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची, म्हणजे न जळलेल्या इंधनाची, १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५००) आहे. पहिला आकडा जास्त असेल तर मिश्रण रिच आहे. पहिला कमी आणि दुसरा जास्त असेल तर गाडी मिसिंग करते आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन मधूनमधून पेटतच नाही, मग कारण ठिणगीचे असो वा अति लीन मिश्रणाचे. अर्थात ही चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते. दौलताबाद ते खुलताबादचा घाट चढून झाल्यावर प्लगचा रंग काळा (रिच) आहे, पांढुरका (लीन) आहे की बिस्किटासारखा (बरोबर), हे पाहिल्याशिवाय माझे समाधान होत नाही.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे हे काम अधिक नाजूक झाले आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्र इंधनाला साडेतेराच्या आसपास. नव्या गाडीचा सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो, कार्बोरेटरला ते जमत नाही, त्यामुळे जुन्याच सेटिंगवर गाडी लीन चालते आणि आपल्याकडच्या बेचाळीस अंशांच्या उन्हात तापते. अशा वेळी जेट थोडा खाली घेणे योग्यच आहे, पण गळती नाही याची खात्री करून घेतल्यावरच.

परिवहन विभागाला विनंती अशी, की केंद्रावर कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वीचे पहिले मोजमाप प्रमाणपत्रावर छापले जावे आणि त्या दोन आकड्यांचा अर्थ मराठीत केंद्राच्या भिंतीवर लावला जावा. माझ्या गाडीचे ते पहिले मोजमाप कागदावर आले असते, तर गॅस्केट शोधण्यात तीन आठवडे गेले नसते.

आपला,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर