पिच मोजणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आभाराचा विषय काढला की तुम्ही हात झटकता आणि "चहा टाका बाप्पा" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. दुसरं कारण असं की नागपूरच्या मैदानांबाहेर संध्याकाळी स्कूटीवर बसून पोरांची वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या आया पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलंत ते त्यांना कळायला हवं.

उमेश यादवच्या या गावात पोरगा बेसबॉल खेळतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे ते दांडूवालंच न?" आमच्या एक आत्याबाई अजूनही बास्केटबॉल म्हणतात आणि आम्ही दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. क्रिकेटमध्ये खांदा किंवा कोपर दुखलं तर गल्लीतला प्रत्येक जण सल्ला द्यायला तयार असतो. पिचरचा, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचा, हात दुखतो म्हणजे नेमकं काय, हे सांगणारं आमच्या ओळखीत कोणी नव्हतं. त्यामुळे दुखणं वाढत गेलं तसे उपाय वाढत गेले. स्प्रे झाला, तिळाच्या तेलाची मालिश झाली, आंबेहळदीचा लेप झाला. उमरेडकडच्या एका हाड बसवणाऱ्याचं नावही निघालं होतं, ते मी तिथेच थांबवलं.

पोरगा काही बोलत नव्हता. सोळा वर्षांचा पोट्टा, तो कशाला बोलतो! पण डब्याचं झाकण तो डाव्या हातानं उघडायला लागला. नळ घट्ट बंद करताना ओठ दाबायचा. एका रविवारी सामन्यावरून आला आणि बुटाची नाडीसुद्धा डाव्या हातानं ओढून काढली. तेव्हा त्याच्या बाबांनी धंतोलीतल्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी कोपराची आतली बाजू दाबून पाहिली, हात बाजूला ताणून पाहिला आणि विचारलं, "आठवड्याला किती बॉल टाकतोस? मध्ये किती दिवस सुट्टी? पिचिंग नसतं तेव्हा कुठे उभा राहतोस?" पोरगा म्हणाला, "नेहमीसारखंच." प्रशिक्षकांना फोन लावला, तर उत्तर आलं, "लोड नॉर्मल आहे, पिचरचा हात दुखतोच." डॉक्टर पेन हातात धरून बसलेले, आणि कोणाकडेच आकडा नाही. तेव्हा पोरगा खाली मान घालून म्हणाला, "काकांकडे वही आहे."

तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. नंदनवनहून आपली बस पकडून, भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, कापडी पिशवीत ती लांबट हिशेबाची वही घेऊन. मी ती तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिली. प्रत्येक पोराला एक पान. तारीख, सामन्यातले पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, वेगळे, वॉर्मअपचे वेगळे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी तो कुठे खेळला त्याचा आकडा. स्कोअरशीटवर पिचर म्हणजे १ आणि बॅट्समनच्या मागे बसून चेंडू झेलणारा कॅचर म्हणजे २, हे मला तुम्हीच त्या वेटिंग रूममध्ये समजावलंत. आमच्या पोराच्या पानावर एका शनिवारी ८८ पिच होते, लगेच रविवारी ४३, आणि त्याच रविवारच्या रकान्यात १ आणि २ दोन्ही लिहिलेले. म्हणजे सकाळी पिचिंग केलं आणि दुपारी कॅचरचा मास्क घालून बसला. कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावाच लागतो. त्या ओळीसमोर तुम्ही लाल पेन्सिलीनं फुली मारली होती.

एजी ऑफिसात, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या कचेरीत, उभी नोकरी केलेला माणूस निवृत्त झाला तरी आक्षेप काढणारच! "हा ऑडिट पॅरा आहे डॉक्टरसाहेब," तुम्ही म्हणालात, "दोनदा तोंडी कळवला, उत्तर आलेलं नाही." डॉक्टर हसले, पण वही त्यांनी पान पान उलटून पाहिली. "पेशंट एक्स-रे आणतात, हे कोणी आणत नाही," असं म्हणून त्यांनी फोनमध्ये त्या पानाचे फोटो घेतले.

मग एमआरआय झाला. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि हाताचं हाड यांना धरून ठेवणारी एक पट्टी असते, अल्नर कोलॅटरल लिगामेंट. ती अर्धवट फाटली होती. पूर्ण नाही, अर्धवट. त्या एका शब्दावर आमचं घर अजून उभं आहे.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं इथे लिहिते, कारण इतर आयांना ते लागेल. चेंडू जेमतेम १४२ ते १४९ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलकाच. पण फेकताना हात मागे जातो आणि एका झटक्यात पुढे येतो, तो वेग भयानक असतो. व्यावसायिक पिचरचा खांदा त्या क्षणी सेकंदाला ७००० अंशांहून जास्त वेगानं फिरतो. त्या वेळी कोपर आतून उघडू पाहतं. एकट्या लिगामेंटला तो ताण झेपत नाही, हाताचे स्नायू त्यातला बराच भार उचलतात. स्नायू थकले की भार पट्टीवर जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलांमध्ये हाडाची वाढ चालू असते, तिथे पट्टीच्या आधी हाडाचा कोवळा कोपरा दुखावतो. आमच्या पोराच्या वयात वाढ संपत आलेली असते, म्हणून मार पट्टीला बसला. थोडक्यात, एखाद्या वाकड्या चेंडूनं किंवा एका वाईट दिवसानं हे झालेलं नाही. थकलेल्या हातानं टाकलेल्या चेंडूंची बेरीज होती ती, आणि ती बेरीज फक्त तुमच्या वहीत होती.

तुम्ही हे मोजायला कुठून शिकलात तेही मी नंतर विचारून घेतलं. नातू खेळायचा म्हणून मैदानावर यायला लागलात. मुलाची बदली झाली, नातू पुण्याला गेला, तुम्ही मात्र यायचं थांबला नाहीत. अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी २०१४ साली 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले, ते तुम्ही इंटरनेटवरून उतरवून वहीच्या पहिल्या पानावर डकवले आहेत. १५-१६ वर्षांच्या मुलानं एका दिवशी ९५ च्या वर पिच टाकायचे नाहीत. ७६ किंवा त्याहून जास्त झाले तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. वर्षातून किमान चार महिने पिचिंग नाही, त्यातले दोन-तीन महिने तर सलग चेंडू फेकायचाच नाही. पिचरनं त्याच सामन्यात कॅचर व्हायचं नाही. आपल्याकडे शाळेची टीम वेगळी, क्लबची वेगळी, वर जिल्हा, विभाग आणि बारावीच्या वाढीव गुणांची आशा. प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक आपल्यापुरते चेंडू बघतो. हात मात्र सगळीकडे तोच असतो.

ऑपरेशनचं नाव निघालं तेव्हा पोरगा उलट खूश झाला होता, आठवतं? "करूनच टाकू न, स्पीड वाढतो म्हणे." त्याच्या खोलीत ओहतानीचा, म्हणजे पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या जपानी खेळाडूचा, फोटो आहे, आणि ओहतानीचं हे ऑपरेशन २०१८ साली झालं एवढंच त्याला ठाऊक होतं. २०२३ मध्ये त्याच कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, २०२४ चा अख्खा हंगाम तो फक्त बॅटिंग करत होता आणि पिचिंगला थेट २०२५ च्या जूनमध्ये परतला, ही पुढची गोष्ट तुम्ही त्याला सांगितलीत. वेग वाढलाच तर तो वर्षभराच्या व्यायामानं वाढतो, चाकूनं वाढत नाही, हे फिजिओ मॅडमनी त्याला सांगितलं.

ज्याच्या नावानं हे ऑपरेशन ओळखलं जातं त्या टॉमी जॉनची गोष्ट तर आता आमच्या घरात पाठ आहे. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर, १९७४ साली त्याचं लिगामेंट तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच उजव्या हातातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, काढली, डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून ती त्यांतून ओवली आणि नवं लिगामेंट तयार केलं. त्याआधी कोणत्याही पिचरवर असं झालं नव्हतं. १९७५ चा हंगाम त्याचा पूर्ण गेला. १९७६ ला तो परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्यानं जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे.

ती कंडरा कुठे असते ते तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर दाखवलंत. अंगठा आणि करंगळी जुळवायची, मनगट किंचित आत वाकवायचं, मधोमध दोरीसारखी उठते ती. पोराच्या हातात टच्चकन वर आली. बाबांच्याही आली. माझ्या उजव्या हातात काही केल्या दिसेना. काही माणसांत ती जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून काही अडत नाही, असं तुम्ही म्हणालात, पण घरात अजून मला "आईचा स्पेअर पार्ट नाही" म्हणून चिडवतात. त्या रात्री कित्येक दिवसांनी पोरगा पोटभर जेवला. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता ज्याबद्दल खरं तर हे पत्र आहे ते लिहिते.

विभागाच्या निवड चाचणीच्या वेळी फेकणं पूर्ण बंद होतं. तरी मैदानावरून निरोप आला, "दोन इनिंग तर टाक, गोळी घेऊन ये." पोरगा किट भरून निघाला होता. तुम्ही गेटवर उभे होता. तुम्ही ओरडला नाहीत, समजावलंही नाहीत. त्याचं पान उघडून दाखवलंत. त्यावर तुमच्या अक्षरात 'बंद' असं लिहिलेलं, खाली डॉक्टरांची तारीख. तो तुम्हाला काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. वही जाळा म्हणाला, एवढं सांगते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या संध्याकाळी नेहमीच्या वेळी त्याच बाकावर येऊन बसलात. हेच मी किंवा त्याचे बाबा म्हणालो असतो तर घरात आठवडाभर दारं आपटली असती. पोराला राग काढायला कोणीतरी लागतं, आणि तो राग तुम्ही तुमच्या अंगावर घेतलात. त्याबद्दल आभार कसे मानतात ते मला येत नाही. त्यानं स्वतः तुमची माफी मागितली की नाही, ते तुम्हा दोघांत ठेवा.

त्या काळात फिजिओ मॅडमनी त्याला एक दिवस रिकामं बसू दिलं नाही. पाय, पोट, पाठीचे पंख, रबर बँड, मनगटाचे व्यायाम. त्याचा खांदा आतल्या बाजूला पुरेसा वळतच नव्हता, त्यामुळे कोपराला जादा ओढ बसत होती, हेही तेव्हाच निघालं. मग ४५ फुटांवरून हलके थ्रो सुरू झाले, एक दिवसाआड. दुखलं तर एक पायरी खाली. तुमच्या वहीत आता नवा रकाना आहे, 'दुखणं', शून्य ते दहा. पहाटे साडेपाचला, ऊन चढायच्या आत, तुम्ही तो विचारून लिहिता, आणि पोरगा तुम्हाला खरं सांगतो. मला विचाराल तर अजूनही "काही नाही" म्हणतो.

सध्या तो ९० फुटांवर आहे. माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, टाकायची परवानगी नाही, कर्व्हबॉलचं, म्हणजे वळणाऱ्या चेंडूचं, तर नावच नको. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आहे की अर्धवट फाटलेलं असताना काही जण व्यायामावर परत येतात आणि काहींना शेवटी ऑपरेशन करावंच लागतं. आमचा कोणत्या रांगेत जाईल ते अजून ठरायचं आहे. मी आशा धरून आहे, आणि ती नवसावर कमी, तुमच्या त्या रकान्यातल्या शून्यांवर जास्त आहे. टेकडीच्या गणपतीला हे वाचून राग येऊ नये.

काका, एक विनंती आहे. अंडर-१४ च्या चौघींनी, म्हणजे पोरांच्या आयांनी, मिळून एक वही आणली आहे. रेघा कशा मारायच्या, वॉर्मअपचे वेगळे कसे धरायचे, कॅचरचा २ कुठे लिहायचा, ते आम्हाला येत्या रविवारी शिकवाल का? प्रशिक्षकांशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. तुम्ही सुट्टीला पुण्याला नातवाकडे जाता तेव्हा मोजायला इथे कोणी नसतं.

सोमवारी डॉक्टरांकडे दाखवायचं आहे. तुम्ही वही घेऊन सोबत चला. बसनं येऊ नका, हे तुम्हाला घ्यायला येतील. परतताना आमच्याकडेच जेवायचं आहे. भरीत करते आहे, तिखट बेतानं टाकेन.

आपली नम्र,
तुमच्या वहीतल्या सातव्या पानाची आई
नागपूर