मावशी, तुझ्या डब्यातली मूठ

सलाम मावशी,

तू म्हणालीस, "लिहायचं तर लिही, पण माझं नाव नको टाकू." म्हणून नाव टाकत नाही, गावाच्या जागी पण नुसतं जालना जिल्हा एवढंच. आपल्या चर्चच्या मंडळीतले लोक ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही. पण सगळ्यांसमोर लिहायचंय मला, कारण तू दिलंस ते नुसते पैसे असते तर घरी येऊन तुझा हात धरून आभार मानले असते आणि विषय तिथंच संपला असता.

आमची मोसंबी २०१२-१३ च्या दुष्काळातच गेली होती, टँकरचं पाणी घालून घालून बाबा थकले आणि शेवटी दोनशे झाडं तोडून जळणाला लावली. ते कर्ज फिटायच्या आत पुढचे पावसाळे पण तसेच कोरडे गेले. मग २०१६ चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते, घरोघरी टीव्हीवर लोक ती गाडी बघायचे, आणि माझ्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाची ३२ हजार फी भरायची शेवटची तारीख चार दिवसांवर आलेली. मी बॅग भरून घरी आले होते. आईला सांगितलं सुट्टी आहे. बाबांना काहीच सांगितलं नाही पण त्यांना कळलं होतं, कारण ते माझ्याकडं बघायचेच नाहीत, जेवताना पण खाली ताटात बघून जेवायचे.

त्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी बोलावून एक पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "मंडळीकडून आहे, उद्या सकाळच्या गाडीनं जा." आत जास्त करून शंभर-पन्नासच्या नोटा, रबर लावून बांधलेल्या. मोजल्या तर बरोबर ३२ हजार. मला किती बरं वाटलं होतं सांगू, कारण एका कुणाचं घेतलं असतं तर त्या माणसासमोरून जाताना कायम मान खाली राहिली असती, पण मंडळीचं म्हणजे आपलंच की. मी ताठ मानेनं गेले, शिकले, पास झाले, नोकरीला लागले.

सहा वर्षं मी असंच समजून होते.

२०२२ मधे खजिनदार काकांनी चर्चचे जुने हिशोब कॉम्प्युटरवर टाकायला मला बसवलं. एप्रिल २०१६ चं पान आलं, लाईटबिल, नवीन सतरंजी, एका अंत्यविधीचा खर्च, सगळं होतं, माझे ३२ हजार कुठंच नव्हते. मागची पुढची पानं बघितली. ते पाळकसाहेब बदली होऊन गेले होते, मी फोन केला, ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "वही बरोबर आहे बेटा." बस एवढंच, पुढं एक शब्द नाही.

मला कळलं ते तुझ्या भिशीतल्या काकूंकडून, त्यांनी पण काही सांगायचं म्हणून नाही सांगितलं, सहज बोलता बोलता म्हणाल्या की तुझी मावशी दरवेळी शेवटचा नंबर घेती, एकदाच काय ती पहिला मागून घेतला होता, दुष्काळाच्या साली, आम्हाला वाटलं आता घरावरचे पत्रे बदलती, पण पत्रे तर अजून तेच हायेत. मावशी, त्या संध्याकाळी मी तुझ्या घरी आले होते आठवतंय का? तू चहा टाकत होतीस आणि मी वर पत्र्याकडं बघत बसले होते, डांबराचे ठिगळ लावलेले, एका कोपऱ्यात गळतीखाली ठेवायची बादली. मी विचारलं आणि तू म्हणालीस, "जुनं कशाला उकरायलीस, चहा घे."

बायबलमधली रूथची गोष्ट, परक्या देशातून आलेल्या त्या गरीब विधवेची, मी लहानपणापासून संडे स्कूलमधे ऐकत आलेय. कापणीच्या वेळी शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा वेचू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या असं नियमशास्त्रात आहे हे पण माहीत होतं. आपल्याकडं पण बाया सरवा वेचायला जायच्या, तू स्वतः गेलीयेस. पण त्या गोष्टीतली एक बारीक जागा मला तुझ्यामुळं दिसली. शेताचा मालक बवाज आपल्या कापणाऱ्यांना सांगतो की रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं गळू द्या आणि तिला बोलू नका. तो तिला पोतं भरून हातात देऊ शकला असता ना, मालकच होता तो. पण त्यानं गळू दिलं, म्हणजे तिनं ते वेचलं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कष्टाचं म्हणून घरी नेलं. पाळकसाहेबांच्या हातून आलेलं ते पाकीट म्हणजे तू माझ्यासाठी मुद्दाम गळू दिलेली कणसं होती. मी वेचली आणि मला कळलंसुद्धा नाही.

आणि हे तू एकदम एका दिवसात केलं नाहीस, हे मला जास्त सांगायचंय. लोक म्हणतात तिचं मन मोठं आहे. मन आहेच मोठं, पण मी तुझा तो डालड्याचा जुना डबा बघितलाय. भाकरीला पीठ काढलं की परातीत पडायच्या आधी एक मूठ त्या डब्यात. पाहुणे असू दे, तू एकटी असू दे, ताप असू दे, कुणाशी भांडण झालेलं असू दे. एकदा तुझ्याकडं दोनच भाकरीचं पीठ होतं आणि तरी तू मूठ काढलीस, मी म्हटलं मावशी आज राहू दे की, तर तू म्हणालीस, "प्रार्थनेला मन लागत नाही म्हणून काय बसायचं सोडतो का आपण? हाताला पण सवय लागते गं." महिन्याच्या पहिल्या रविवारी तो डबा फडक्यात बांधून चर्चला, आणि ते पीठ कुणाकडं जायचं ते तू कधी विचारलं नाहीस.

डोंगरावरच्या उपदेशात प्रभु येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींबद्दल एका ओळीनं बोलतो आणि तिन्ही ठिकाणी "तू दान करतोस तेव्हा", "प्रार्थना करतोस तेव्हा", "उपवास करतोस तेव्हा" असं म्हणतो. केलंस तर असं नाही म्हणत, म्हणजे हे रोजचं आहे असंच धरून चालतो तो. आम्ही प्रार्थना शिकवतो, लेंटमधे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, उपवास धरतो, आणि दान मात्र रविवारी दानाची पिशवी समोर आली की खिसा चाचपून करतो. प्रेषित पौलानं तर करिंथच्या मंडळीला पत्रात सांगून ठेवलंय की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्याजवळ काढून ठेवावं, मी आल्यावर वर्गणी गोळा करत बसायला नको. यरुशलेमच्या गरिबांसाठी होती ती वर्गणी. आणि मासेदोनियाचे लोक स्वतः कंगाल असून त्यांनी द्यायची परवानगी मिळावी म्हणून विनवणी केली! हे वाचलं की मला तू दिसतेस.

माझ्यासोबत होस्टेलला मिझोरमची एक मुलगी होती. तिला मी तुझ्या डब्याचं सांगितलं तर ती उडालीच, म्हणाली आमच्याकडं घराघरात हेच करतात, भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ बाजूला, त्याला बुहफाई थाम म्हणतात आणि १९१० पासून चालू आहे. त्या मुठीमुठीच्या तांदळावर तिथल्या मंडळ्यांचं केवढं काम उभं राहिलंय. दोन टोकाच्या दोन बाया, एक तांदळाची, एक ज्वारीची, आणि मूठ तीच.

पण तुझ्या मुठीची गोष्ट अजून वेगळी आहे आणि ती मी लिहिणारच, तू रागावलीस तरी. तुझ्या आजीच्या घरी येसकरकीची, म्हणजे गावकीच्या कामाची, पाळी होती. पाळी आली की हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि संध्याकाळी गावात दारोदार "वाढा माय" म्हणत शिळ्या भाकरी गोळा करायच्या, त्याच दुसऱ्या दिवशी घरात खायच्या. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली त्यानंतर आपल्यातली कितीतरी घरं अशीच त्या पाळीतून बाहेर पडली. तुझी आजी जिनिंगमधे लागली, पहिल्या मजुरीची ज्वारी घरी आणली, दळली, आणि भाकरी करायच्या आधी एक मूठ बाजूला काढून म्हणाली, "आता आपण वाढणारे झालो." तू हे सांगताना तुझा आवाज बदलतो मावशी. ज्यांच्या दारात काहीच नव्हतं त्यांनी आधी देऊन बघितलं, आणि मगच त्यांना खरं वाटलं की आपण आता कुणाच्या तुकड्यावर नाही.

म्हणूनच तुला ते बाहेरून येणारे प्रचारक आवडत नाहीत ना, जे म्हणतात शंभर पेरा, हजार उगवतील. मला पण नाही आवडत. दान म्हणजे काय सोयाबीनचं बी आहे का की एकरी उतारा बघायचा? आणि गरीब विधवेनं दान टाकलेल्या दोन टोल्यांचं, म्हणजे दोन बारक्या नाण्यांचं, वचन गरिबासमोर वाचून पैसे मागितलेले तुला अजिबात खपत नाही. तूच मला मार्काच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय उघडून दाखवला होतास, की तिच्या आधीच्याच ओळीत प्रभु विधवांची घरं गिळणाऱ्यांवर बोलतोय, ते वगळून पुढचं वाचायचं नाही. तू सातवी शिकलेली, पण असं नीट वाचणारं माणूस मी फार कमी बघितलंय.

तू सगळ्यांना सगळं देत पण नाहीस. लग्नात डीजे लावायला पैसे मागणाऱ्या भाच्याला तू दोन पायल्या ज्वारी पाठवलीस, डीजेला एक रुपया दिला नाहीस.

नोकरी लागल्यावर मी पण डबा केला. स्टीलचा. पहिले तीन महिने नीट चाललं आणि मग नाईट ड्युटी, मेस, भाड्याची खोली, बाहेरून डबा आणायचा तर मूठ कशातून काढणार, असं करत बंद पडलं. तुला सांगितलं तेव्हा वाटलं तू बोलशील. तू म्हणालीस, "पगार हातात आला की पहिली मूठ, मग भाडं. मूठ पिठाचीच पाहिजे असं कुणी सांगितलं?" तेव्हापासून तसं चालू आहे, एवढंच लिहिते, पुढचं इथं लिहायचं नाही हे तूच शिकवलंस.

एक मात्र लिहिते कारण ते माझं नाही, बाबांचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात पाऊस पडला तो तुला माहितीच आहे, सगळ्या मराठवाड्यात शेतं तळी झाली, कापणीला आलेलं सोयाबीन पाण्यात सडलं, माती खरडून गेली. आमचं शेत थोडं उंचावर म्हणून अर्धं वाचलं. मंडळीनं मदतीचा टेंपो करायचं ठरवलं, आणि बाबांनी कुणी न मागता घरातली तीन पोती ज्वारी टेंपोत चढवली, त्यातली दोन नदीकाठच्या वस्तीवर गेली, तिथं आपल्या मंडळीतलं एकही घर नाही. पोतं चढवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरळ. २०१६ च्या त्या चार दिवसांनंतर मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना पाकिटाचं खरं कधीच सांगितलेलं नाही, ते अजून मंडळीचंच समजतात. हे पत्र ते वाचतील तेव्हा त्यांना कळेल, आणि ते तुझ्या घरी येतील, तेव्हा त्यांना पण "चहा घ्या" म्हणून गप्प करू नकोस, त्यांना बोलू दे.

येत्या रविवारी मला सुट्टी आहे. शनिवारी रात्रीच येते. तुझ्या भाकरीचं पीठ मी काढीन, मूठ तू काढ.

तुझीच लेक