तपासणी न उरकणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

पालिकेच्या कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी उरकायचीच म्हटली तर माणशी पाच-दहा मिनिटांत उरकते. तुम्ही ती उरकत नाही, म्हणून हे पत्र.

कानांचंच घ्या. रस्ता फोडायचा ब्रेकर किंवा गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्याला पाळी सुटल्यावर लगेच तपासलं, तर कान तात्पुरते बधिरलेले असतात आणि आलेख कायमच्या बहिरेपणासारखा येतो. म्हणून तुम्ही त्यांना कामावर जायच्या आधी, निदान 14 तास गोंगाटापासून दूर राहिल्यावरच बसवता. आधी कानात मळ आहे का बघता, चष्मा आणि डूल काढायला लावता, लाल हेडफोन उजव्याच कानावर आहे ना हे तपासता. सुरुवात 1000 हर्ट्झच्या स्वरापासून. ऐकू आलं की आवाज 10 डेसिबलने खाली, नाही आलं की 5 ने वर.

पण आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. तुम्ही रुजू होतानाचा आलेख शेजारी ठेवता. 4000 हर्ट्झच्या उंच स्वराला ज्याला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज 5 डेसिबलवरून 20 वर गेला, त्या माणसाला नुसता ताजा कागद ‘नॉर्मल’ म्हणतो. नुकसान दिसतं ते जुन्या आलेखाशेजारी ठेवल्यावर. 2000, 3000 आणि 4000 हर्ट्झची सरासरी 10 डेसिबलने ढळली की तुम्ही चाचणी पुन्हा घेता, आणि कानात बोळे नीट बसतात का तेही त्याच्याकडून करून बघता.

फुप्फुसांच्या चाचणीतही तेच. यंत्र 3 लिटरच्या सिरिंजने जुळवलेलं असतं आणि उंची बूट काढून मोजलेली असते, कारण अपेक्षित आकडा वय आणि उंचीवर ठरतो. पहिल्या फुंकरीला माणूस बिचकतो, मध्येच थांबतो, ओठांच्या कडेने हवा सुटते. तीन निर्दोष फुंकरी मिळेपर्यंत आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन 150 मिलिलिटरच्या आत जुळेपर्यंत तुम्ही ‘अजून, अजून’ म्हणत राहता. आठ झाल्या की मात्र त्याला दमवत नाही. रक्तदाब 5 मिनिटं शांत बसवून, दंडाला योग्य मापाचा पट्टा लावून घेता. लहान पट्टा आकडा उगाच चढवतो, हे घाईत किती जण लक्षात ठेवतात?

गटारसफाईच्या कामगारांना हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस दिल्यावर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं तपासायला तुम्ही आठवणीने बोलावता. लस टोचली म्हणजे संरक्षण आलंच, असं तुम्ही धरून चालत नाही.

आणि दार लावून बोलता. यंत्राच्या हादऱ्यांमुळे थंडीत बोटं पांढरी पडतात हे कामगार वरिष्ठांसमोर सांगत नाही, काम जाईल ही भीती असते. कार्यालयाकडे फक्त ‘कामास योग्य’, ‘अटींसह योग्य’ किंवा ‘तूर्त अयोग्य’ एवढंच जातं, हे त्याला आधी समजावता. मग तो बोलतो.

पुढच्या फेरीची यादी या वेळी आडनावांच्या क्रमाने न करता पाळ्यांप्रमाणे लावली आहे. ब्रेकरवाले सकाळी पहिले.

आपले कृतज्ञ,
कामगार सुरक्षा विभागातील सहकारी