कॉम्प्युटरच्या लेकरांना कमांड लाइन हातानं चालवू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं लातूर-नांदेडला बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर करणारी लेकरं आता गावोगावी आहेत, आणि दोघं भेटले की एकच वाद, कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम म्हणून विंडोज भारी का फुकट मिळणारी लिनक्स भारी. भांडायलेत सगळे, पण टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची कमांड लाइनची खिडकी, उघडून रोजचं काम कितीजण करायलेत? ज्याचा हात जिथं आधी बसला त्याला तेच सोपं वाटतं, एवढंच आहे ते.

एक काम घ्या. मोंढ्यातल्या वर्षभराच्या आवकेची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेला साधा तक्ता) आहे, त्यातल्या सोयाबीनच्या तेवढ्या ओळी काढून भावाप्रमाणे लावायच्या. लिनक्सवर ग्रेप या शोधायच्या कमांडनं सोयाबीन शोधा, एका कमांडचं उत्तर दुसरीला देणारी पाइपची उभी दांडी टाका, पुढं ओळी क्रमानं लावणाऱ्या सॉर्टला कॉलम स्वल्पविरामानं वेगळे आहेत हे, भावाचा कॉलम आणि आकड्याप्रमाणे लावायला मायनस एन सांगा, झालं, एका ओळीत काम. विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत, सीएमडीत, शोधायला फाइंडस्ट्र आहे पण देवनागरी आली की ते अडखळतं, आणि तिथला सॉर्ट आकड्याला आकडा समजतच नाही, 10000 ला 4500 च्या आधी ठेवतो. पण म्हणून विंडोज टाकाऊ नाही हो! विंडोजच्याच नव्या पॉवरशेलमध्ये इंपोर्ट-सीएसव्ही केलं की कॉलमची नावं आपोआप कळतात, पाइपमधून नुसता मजकूर नाही तर अख्खा ऑब्जेक्ट, म्हणजे कॉलमच्या नावांसकट सगळी नोंद, पुढं जातो, फक्त भाव हा आकडा आहे हे सांगावं लागतं. कमांड लांबलचक आहेत, पण नवख्याला वाचून कळतात, हे मला फार आवडतं.

ॲपलचा मॅक लिनक्ससारखाच वाटतो, पण त्याचा सेड (मजकूर शोधून बदलायची कमांड) बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातला, फाइल जागच्या जागी बदलायच्या मायनस आयच्या पुढं रिकामं अवतरणचिन्ह दिल्याशिवाय नीट चालत नाही, आणि 2019 च्या कॅटलिनापासून तिथं कमांड ऐकून चालवणाऱ्या बॅशच्या जागी झेडशेल डिफॉल्ट आहे.

2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं पॉवरशेल लिनक्स-मॅकसाठी खुलं केलं, त्याच वर्षी विंडोज 10 मध्ये बॅशही आणलं. कंपन्यांनीच मधली भिंत पाडली तर आपण कशाला धरून बसायचं? लेकरू पुण्याला नोकरीला लागलं की हातात विंडोजचा लॅपटॉप आणि पलीकडं लिनक्सचा सर्व्हर, दोन्ही लागतंच.

आणि आमच्या भागातल्या एका कॉलेजात कमांड नुसत्या जर्नलमध्ये उतरवून घेतात, सही होते, मशीनवर चालवून बघायचं राहूनच जातं. हे बघून जीव तुटतो, कारण लेकरं हुशार आहेत, फक्त हात लावायला मिळत नाही.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, लॅबमधली बरीच जुनी मशीनं विंडोज 11 घेत नाहीत, ती भंगारात न घालता त्यावर लिनक्स टाका, लायसनचा खर्च नाही. आणि नांदेड, संभाजीनगरच्या दोन्ही विद्यापीठांना हात जोडून विनंती आहे, प्रॅक्टिकलला अशी खरी फाइल द्या, सिस्टीम ज्याची त्याला निवडू द्या, उत्तर बरोबर आलं की पूर्ण मार्क द्या.

आपला,
एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)